रकाना चौथा : प्रत्यक्ष पाहून

शुक्रवार, ता. २३ मार्च १९७३. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ओट्यावर बसून निकालाच्या वहीत रकाने आखत आहे.

आज आमच्या गावच्या पीरसाहेबांचा उरूस आणि रंगपंचमी एकाच दिवशी आली. टँकर दर तिसऱ्या दिवशी विहिरीत ओततो तेवढेच पाणी गावात असल्यामुळे रंग कोणी खेळणार नाही. घोड्यांची शर्यत मात्र होणार. चौसाळ्याच्या सडकेपासून सोसायटीच्या गोदामापर्यंत, तीन फर्लांग, पाच घोडे.

आजवर निकाल दर्ग्याचे मुजावर ख्वाजाचाचा सांगत. बावीस वर्षे त्यांनीच सांगितला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उरुसाच्या शर्यतीत प्रत्येक घोड्याच्या गळ्यात आपापली घुंगरे किंवा घंटा बांधायची रीत आहे. चाचा शेवटच्या रेघेजवळ बाजेवर बसून ऐकत, नाव घेत, आणि जिंकलेल्या घोड्याच्या लगामाला हिरवे फडके बांधत. एकदाही तक्रार झाली नाही. पण या वर्षी दुष्काळामुळे बक्षीस फेट्याचे नसून कडब्याचे आहे, पेंढ्या दोनशे, आणि ते आमची सहकारी सोसायटी देणार आहे. चेअरमन मोहनराव म्हणाले, "सहकारात आंधळा कारभार चालत न्हाई. निकाल लेखी पायजे."

सेक्रेटरी राधाकिशन यांनी नमुना दिला. रकाने पाच. अनुक्रमांक, घोड्याचे नाव, मालक, क्रमांक (प्रत्यक्ष पाहून), शेरा. त्यांनी 'प्रत्येक्ष' लिहिले होते, ते मी दुरुस्त केले. निकाल मी लिहिणार. मी नववी नापास असलो तरी अक्षर व शुद्धलेखन चांगले आहे. सोसायटीत सात महिने बिनपगारी उमेदवार म्हणून काम करतो. एप्रिलच्या सभेत कायम करू, महिना साठ रुपये, असे चेअरमनसाहेब बोलले आहेत.

आत्ताच जमीलभाई टांगा घेऊन दारावरून गेले. त्यांची घोडी मैना शर्यतीत आहे. म्हणाले, "पंडित, रोजच्या अडीच पेंढ्या धर. दोनशे पेंढ्या म्हंजे मिरगापस्तोर मैना जगती. न्हाई मिळाल्या तर इकावी लागंल." मी हिशेब करून पाहिला. ऐंशी दिवस होतात, ११ जून येते. त्यांचा हिशेब बरोबर आहे.

त्याच दिवशी, दुपारी चार वाजता.

जे घडले ते क्रमाने लिहितो.

संचालक मंडळ मंडपात खुर्च्यांवर बसले होते. हार घालून झाल्यावर फोटो नीट यावा म्हणून खुर्च्या लोकांकडे तोंड करून मांडल्या होत्या. त्यामुळे शर्यत त्यांच्या पाठीमागे झाली. रेघेजवळ मी एकटाच, वही घेऊन. ख्वाजाचाचा दरवर्षीच्या सवयीने आपली बाज घेऊन आले होते. त्यांना कोणी उठवले नाही.

दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी रुमाल पडला. सुरुवात दिसली. मग धूळ उठली. वर्षभर पाऊस नाही आणि त्यात शर्यतीच्या पट्टीवर मुरूम टाकलेला, त्यामुळे ती भिंतीसारखी उभी राहिली. मला माझी वही दिसेना. मी डोळे उघडे ठेवले होते, हे येथे नमूद करतो.

प्रथम मैनेची घुंगरे डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे गेली. मी मनात सात आकडे मोजले. मग चेअरमनसाहेबांच्या घोड्याची, सरदारची, पितळी घंटा गेली. बाकीचे नंतर. चाचांनी बाजेवरून "मैना" म्हटले आणि फडके हातात घेऊन चाचपडत उठले.

धूळ खाली बसायला चार मिनिटे लागली. बसली तेव्हा मैना गोदामाच्या भिंतीशी बक्षिसाच्या गंजीला तोंड लावून उभी होती. अंदाजे पाव पेंढी तिने खाल्ली होती. जमीलभाई अजून पाठीवरच होते. सरदार रेघेच्या जरा पुढे होता, आणि त्याचा स्वार बंकट खाली उतरून खोकत होता.

चेअरमनसाहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, "लिही, सरदार पहिला."

मी म्हणालो, "साहेब, दिसले नाही."

"मग मैना दिसली?"

"तीही दिसली नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग हसले आणि पाठीवर थाप मारली. लाऊडस्पीकरवर म्हणाले, "पोरगं इमानदार हाय. त्याला दिसलं न्हाई, म्हंजे निकाल लागलाच न्हाई." लोकांत बराच आरडाओरडा झाला. पाचही घोड्यांसमोर चौथ्या रकान्यात मी 'दिसले नाही' असे लिहिले. एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

शनिवार, ता. २४ मार्च.

आई दुष्काळी कामावर खडी फोडते. संध्याकाळी तिथे वाटलेल्या सुकडीची पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "कामावर समद्या बाया तुलाच हसत हुत्या. तुला काईच कळलं न्हाई व्हय रं?"

मी म्हणालो, "ऐकू आले. मैना आधी गेली."

"मग कावून लिवलं न्हाई?"

"रकाना पाहण्याचा आहे. ऐकण्याचा नाही."

"रकाना काय तुझा सासरा लागतो का?"

तिला कार्यालयीन कामाची कल्पना नाही. वाद वाढवला नाही.

सोमवार, ता. २६ मार्च.

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष निःपक्षपाती असावा म्हणून चेअरमनसाहेबांनी आपले साडू अर्जुनराव यांना बोलावले. ते दुसऱ्या गावचे असल्यामुळे त्यांचा आमच्या गावच्या राजकारणाशी संबंध येत नाही.

निकाल लागेपर्यंत कडबा कोठे ठेवायचा असा प्रश्न निघाला. गोदामात उंदीर आहेत. चेअरमनसाहेबांनी आपल्या वस्तीवरचा गोठा भाडे न घेता दिला. 'पेंढ्या २०० (दोनशे) समजून घेतल्या व जपून ठेवल्या' अशा पावतीवर कोणाची तरी सही हवी होती. राधाकिशन म्हणाले, "पंडितची घ्या." चेअरमनसाहेब म्हणाले, "बराबर. कायम होणाऱ्या माणसाचीच सही पायजे." मी पूर्ण नाव लिहून सही केली. पंडित गहिनीनाथ शेळके. एवढ्या महत्त्वाच्या कागदावर ही माझी पहिलीच सही.

गुरुवार, ता. २९ मार्च.

समितीची पहिली बैठक. जीप अकरा वाजता आली. चहा, भजी, पुन्हा चहा. टिपण मी घेतले. महत्त्वाचा भाग उतरवतो.

अर्जुनरावांनी जमीलभाईंना विचारले, "तुमची घोडी गंजीपाशी कशी गेली?"

"पळत गेली, साहेब. आणिक कशी जाईल?"

"पळताना कुणी पाहिली?"

"धुळीत कुणाला दिसंल?"

"अन् खाताना?"

"समद्या गावानं पाहिली."

"म्हंजे खाण्याला पुरावा हाय. पळण्याला न्हाई." अर्जुनराव पुढे म्हणाले की, तीन फर्लांग पळून आलेली घोडी धापा टाकते, खात नाही. त्याअर्थी ती पळालीच नसावी. ती आधीपासून तेथे असावी.

जमीलभाई म्हणाले, "आधी हुती तर मी रुमालापाशी कुणावर बसलतो? बंकटच्या खांद्यावर?"

लोक हसले. समितीने हसण्याची नोंद घेऊ नये असे ठरले.

मग ख्वाजाचाचांना बोलावले. अर्जुनराव म्हणाले, "चाचा, तुमाला दिसत न्हाई. तुमची साक्ष धरायची कशी?"

चाचा म्हणाले, "त्या दिवशी दिसलं कुणाला, अर्जुनराव? तुमच्या पंडितला दोन डोळे हायेत, त्याला तरी दिसलं का?"

मला वाईट वाटले, कारण मलाही दिसले नव्हते. पण माझे न दिसणे लेखी आहे, हा फरक चाचांना समजावून सांगता आला नाही.

मला समितीने एकच प्रश्न विचारला. "तुला दिसलं का?" मी "नाही" म्हणालो. ऐकू आले का, असे विचारले असते तर मी खरे तेच सांगितले असते. विचारले नाही.

ठराव झाले. एक, शर्यत पुन्हा घ्यावी. दोन, निकालापूर्वी बक्षिसाची पाव पेंढी खाल्ल्याबद्दल पंचवीस पैसे जमीलभाईंकडून वसूल करावेत. तीन, अध्यक्षांचे आभार.

सोमवार, ता. २ एप्रिल.

माझ्या सहीची वस्तू म्हणून वस्तीवर जाऊन कडबा मोजला. दोन वेळा मोजला. एकशे एकतीस पेंढ्या भरल्या. बंकट तेथेच होता. म्हणाला, "काय मोजतूस बे सारखं? उंदीर लई झालेत इकडं."

गोठ्यात उंदीर दिसला नाही, पण दिवसा ते बाहेर येत नाहीत. कडब्याची चिपाडे सरदारच्या ठाणापर्यंत पडली होती, त्यावरून उंदीर त्या बाजूने ये-जा करत असावेत. सरदारची तब्येत चांगली आहे. पाठ तुकतुकीत झाली आहे. वहीत नोंद केली. 'घट ६९, उंदीर.'

येताना टांग्याच्या अड्ड्यावर मैना दिसली. तिच्यापुढे बाभळीच्या शेंगा टाकल्या होत्या. माझ्याकडच्या बाजूच्या बरगड्या मोजल्या. अकरा स्पष्ट, बारावी थोडी.

बुधवार, ता. ४ एप्रिल. पाडवा.

गुढीला लिंबाचा डहाळा मिळाला नाही. गावातल्या लिंबांचा पाला शेळ्यांनी संपवला. आईने तशीच गुढी उभारली.

सकाळी जमीलभाई भेटले. टांगा नव्हता, पायीच होते. मैनेला ओझे नको म्हणून दोन दिवसांपासून टांगा जुंपलेला नाही, असे म्हणाले. थोडे अंतर बरोबर चाललो. मग त्यांनी विचारले, "पंडित, एक इचारू? त्या दिवशी तुला ऐकू आलतं का?"

मी म्हणालो, "आले होते."

"आधी कोण?"

"मैना. सात आकडे आधी."

ते थांबले. मला वाटले रागावतील. पण ते म्हणाले, "सात? मला पाचच वाटले हुते." आणि बरे वाटल्यासारखे चालू लागले. वेशीपाशी वळून म्हणाले, "कुणाला सांगशील का हे?"

मी सांगितले की चौथा रकाना पाहण्याचा आहे आणि नमुना बदलण्याचा अधिकार उमेदवार लेखनिकाला नाही. शिवाय सभा १० तारखेला आहे. हे शेवटचे का बोललो ते मला कळले नाही.

शुक्रवार, ता. ६ एप्रिल.

फेरशर्यतीचे नियम समितीने ठरवले. मी स्वच्छ प्रत काढून फळ्यावर लावली.

धूळ उडू नये म्हणून पट्टीवर पाणी मारावे. पाणी टँकरचे घ्यावे. त्या दिवशी विहिरीत ओतणे बंद.

मागील खेपेस आवाजामुळे लोकांच्या मनावर परिणाम झाला, सबब सर्व घोड्यांची घुंगरे व घंटा काढून सोसायटीत जमा कराव्यात.

मुजावरांनी बाज आणू नये.

पाण्याबद्दल मी राधाकिशन यांना विचारले की पिण्याचे पाणी असे वापरता येते काय. ते म्हणाले, "अरे, न्याय पायजे का पाणी पायजे? एका दिवसानं कोण मरतंय?" मी शुद्धलेखन तपासले आणि कागद चिकटवला. दुपारपर्यंत कोणीतरी त्यावर शेण मारले होते. अक्षर त्याखालीही वाचता येत होते.

रविवार, ता. ८ एप्रिल. दुपारी साडेबारा.

आज सगळे स्वच्छ दिसले.

आठ वाजता टँकर पट्टीवर आला. मागे भोके पाडलेला नळ लावला होता. टँकर हळूहळू चालला आणि गावातल्या बाया घागरी, हंडे, पातेली घेऊन नळाखाली धावत सुटल्या. जमिनीवर पडायच्या आत पाणी धरत होत्या. काही पदर भिजवून भांड्यात पिळत होत्या. आई त्यांत होती. चेअरमनसाहेब लाऊडस्पीकरवर म्हणाले, "बायांनी पट्टी सोडावी. निकालात अडथळा येतोय." आई ओरडली, "आमचा निकाल लागलाय की, मोहनराव." ती असे बोलली याची मला काळजी वाटते. सभा परवा आहे.

यामुळे मधल्या फर्लांगात पाणी कमी पडले, तरी धूळ बसली. संचालकांच्या खुर्च्या या वेळी पट्टीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. ख्वाजाचाचा बाज न आणता उभे राहिले.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रुमाल. घंटा नसल्याने फक्त टापा ऐकू आल्या. सरदार पहिल्यापासून पुढे. त्याच्यात जोर लई होता, म्हणजे पुष्कळ होता. मैना पहिल्या फर्लांगापर्यंत त्याच्या जोडीने आली. दुसऱ्या फर्लांगात तिचे पुढचे पाय मुडपले. जमीलभाई उतरले. लगाम धरून तिच्याशी काहीतरी बोलत चालत आले. चार घोडे रेघ ओलांडून गेल्यावर बऱ्याच वेळाने मैना आली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या दिसत होत्या.

ख्वाजाचाचांनी मला विचारले, "पंडित, कोण आलं रे? आज मला काईच कळंना."

चौथा रकाना पूर्ण भरला. सरदार पहिला. मैना पाचवी. शेरा, 'चालत'.

आईकडे अर्धी घागर गढूळ पाणी जमले होते. ती घागर घेऊन सरळ मैनेकडे गेली आणि तिच्यापुढे ठेवली. मैनेने तळापर्यंत पिऊन टाकले. म्हणजे आज आमच्या घरी पाणी नाही. आईला विचारायचे होते. विचारले नाही.

मंगळवार, ता. १० एप्रिल.

सर्वसाधारण सभा. हजर एकशे चार.

चेअरमनसाहेबांना बक्षीस जाहीर झाले. त्यांनी हात जोडून सांगितले की, दुष्काळात मी एकट्याने कडबा नेणे बरे दिसत नाही, हा दोनशे पेंढ्या कडबा मी आपल्या सोसायटीलाच दान करतो. टाळ्या झाल्या. शाल, नारळ, फोटो. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मग दान ताब्यात घेण्यासाठी राधाकिशन आणि मी वस्तीवर गेलो. गोठ्यात पेंढी नव्हती. एकही. खाली थोडी चिपाडे होती. बंकट म्हणाला, "उंदीर."

परत येऊन सभेत राधाकिशन यांनी नियम वाचला. घट शेकडा दोनपर्यंत मान्य, त्यापुढील जबाबदारी सही करणाराची. पावती काढली. सही माझीच होती आणि ती सुवाच्य असल्याने शंका घ्यायला जागा नव्हती. दर पेंढीला एक रुपया. मी शेकडा दोनची सूट मागितली. राधाकिशन म्हणाले, ती सूट काही माल शिल्लक असला तरच मिळते.

चेअरमनसाहेब म्हणाले, "घाबरू नको. आमी तुला हप्ते पाडून देऊ. पोरगं इमानदार हाय, पळून जायाचं न्हाई."

त्यानंतर विषय क्रमांक सात, लेखनिकाची नेमणूक. संस्थेच्या थकबाकीदारास नोकरीवर घेता येत नाही असे कलम आहे. ती नियमावली मीच डिसेंबरात पुन्हा उतरवून काढली होती. कलम माझ्याच अक्षरात होते. चेअरमनसाहेबांचा नाइलाज झाला. जागेवर बंकटला घेतले. त्याला लिहिता येत नाही, म्हणून लिहिण्याचे काम तूर्त मीच पाहावे असे ठरले.

घरी आल्यावर आईला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सरदारला इचार, उंदराची चव कशी हुती."

मी रात्रभर या वाक्याचा विचार केला.

गुरुवार, ता. १२ एप्रिल. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. सोसायटीत.

जमीलभाई आले. मैना काल विकली. घेणारा मांजरसुंब्याकडचा होता, गाडीला लावणार म्हणाला. टांगाही त्यालाच दिला. जमीलभाई आता तिथल्या ढाब्यावर ट्रक धुणार आहेत. मी म्हणालो, ट्रक धुवायला पाणी असते काय. ते म्हणाले, "ट्रकाला असतंय."

ते पंचवीस पैसे भरायला आले होते. मी म्हणालो, राहू द्या. ते म्हणाले, "न्हाई बे. मागं ठिवायचं न्हाई काई. पण रोख न्हाईत. माझा घुंगराचा पट्टा हाय ना तुमच्याकडं जमा? तोच धर." मग टेबलावर हात ठेवून म्हणाले, "अन् पावती नीट लिही. मैनेनं पाव पेंढी खाल्ली म्हून. सगळ्यांच्या आधी ती तिथं पोचली, ह्याचा तेवढाच एक कागद हाय."

मी कपाटातून पट्टा काढला. पावतीचा नमुना छापील आहे. 'माल नग', 'दर', आणि शेवटी 'पाहून तपासला'. नग मोजण्यासाठी घुंगरे एकेक करून हलवली. एकवीस. मोजताना दोनदा चुकलो, कारण मध्येच मनात सात आकडे सुरू होत. बंकट खुर्चीवर बसून विड्या ओढत होता. म्हणाला, "काय वाजवतूस बे, उरूस सपला."

पावतीवर मी 'पाहून' हा शब्द खोडला आणि वर 'ऐकून' लिहिला. शेऱ्यात लिहिले, 'शर्यतीत प्रथम येऊन खाल्लेली पाव पेंढी.' खाडाखोडीवर सही केली. नमुना बदलण्याचा अधिकार मला नाही. जमीलभाईंना वाचून दाखवले. त्यांनी कागदाची चौघडी करून टोपीत ठेवली.

आजअखेर हिशेब.

समितीचा खर्च, संस्थेच्या वहीवरून. चहा शहाऐंशी कप, रु. १२.९०. भजी व चिवडा, रु. २१.६०. जीपचे पेट्रोल, रु. ६४.००. शाल, नारळ, हार, रु. २७.५०. फोटो, रु. १५.००. एकूण रु. १४१.००. पाणी, टँकर एक, सरकारी असल्याने किंमत धरली नाही.

माझा खर्च. निकालाची वही व शाई, रु. ०.८५. मंजूर झाला नाही.

मला येणे. काही नाही.

संस्थेला देणे. रु. २००.००, वजा जमीलभाईंकडून घुंगरांच्या रूपाने वसूल रु. ०.२५. बाकी रु. १९९.७५.

जमीलभाईंना देणे. पेंढ्या एकशे नव्व्याण्णव आणि पाऊण. पाव पेंढी त्याच दिवशी पोचली.